मिस ओट्सच्या अंड्यांवरचे ठिपके

मिस ओट्सचा जीव वाचवायचा असेल तर यंदाच्या गावच्या प्रदर्शनातून निदान एक कार्ड घरात आलं पाहिजे, असं म्युरिएलबाईंनी जाहीर केलं तेव्हा पिंचबेकसाहेब टोस्टला लोणी लावत होते. लोणी टोस्टवरून घसरून विजारीवर पडलं. साहेबांनी ते बोटानं उचललं आणि परत टोस्टला लावलं. एरवी त्यांनी असं केलं नसतं, पण प्रसंग बाका होता.

मिस ओट्स ही कोंबडी. तशा कोंबड्या तीन होत्या: मिस ओट्स, मिस ग्रिम्बल आणि मिसेस डनकोम्ब. साहेब ज्या विमा कंपनीतून निवृत्त झाले तिथल्या हिशेब खात्यातल्या तीन बायकांची ही नावं. ठेवण्यामागचा हेतू शुद्ध आदराचा होता. पण खऱ्या मिसेस डनकोम्ब एकदा चहाला आल्या असताना साहेब खिडकीतून ओरडले, "मिसेस डनकोम्ब, त्या खतात काय उकरताय?" तेव्हापासून त्यांच्याकडून नाताळचं शुभेच्छापत्र यायचं बंद झालं.

"हे बघ लायोनेल," म्युरिएलबाई म्हणाल्या, "त्या खुराड्याच्या जागेवर मला काचघर हवंय. टोमॅटोसाठी. आणि तुझ्या त्या बायका करतात काय? दिवसभर उकरतात, खातात आणि मान तिरकी करून माझ्याकडं बघतात."

"अंडी देतात ना गं."

"अंडी दुकानातही मिळतात, आणि दुकानातली माझा पालक खात नाहीत. माझ्या संत्र्याच्या मार्मलेडला दरवर्षी कार्ड मिळतं. या घराच्या भिंतीवर जेवढी कार्डं आहेत ती सगळी माझ्या नावाची आहेत. तू मंडपातून तुझ्या नावाचं एक कार्ड आण, कोंबड्या राहतील. नाही आणलंस तर रविवारी ग्वेनला बोलावते."

ग्वेन म्हणजे म्युरिएलबाईंची धाकटी बहीण. ती पलीकडच्या परगण्यात राहायची आणि कोंबडी-लीकच्या 'पाय'साठी, म्हणजे कणकेच्या पारीत भाजलेल्या कोंबडीसाठी, प्रसिद्ध होती. साहेबांनी तो पाय अनेकदा मागून घेऊन खाल्ला होता. आज प्रथमच त्यांच्या मनात आलं, की त्या पायलाही पूर्वी काही नाव असेल.

प्रदर्शनाच्या पुस्तिकेत कांदे होते, डेलिया होते, केक होते, आणि अंड्यांचा एकच वर्ग होता: 'तीन अंडी, स्पेकल्ड, एकसारखी.' स्पेकल्ड म्हणजे ठिपकेदार. आपण ठिपकेदार म्हटलं की आपला विषय संपतो. या गावात तो तिथं सुरू होतो. साहेब अंड्यांची टोपली घेऊन प्रदर्शनाचे सचिव मिस्टर टपिंग यांच्याकडं गेले. टपिंग म्हणजे नियम पाळायला मिळावेत म्हणून समाजसेवा करणारा माणूस. त्यांनी चष्मा लावला, दिवा ओढला आणि मिसेस डनकोम्बचं अंडं उजेडात धरलं.

"चालणार नाही," ते म्हणाले. "हे मॉटल आहे."

"ठिपके आहेत ना पण?"

"मिस्टर पिंचबेक, ठिपके एकमेकांत मिसळून गेले, कुठला कुठं संपतो ते कळेना झालं, की त्याला मॉटल म्हणतात. आमच्या आत्याच्या नडग्या शेकोटीपुढं बसून तशा झाल्या होत्या. आणि हे दुसरं कुणाचं?"

"मिस ग्रिम्बलचं."

"हे ब्लॉच. आकार सुटलेला डाग. स्पॉट कसा असतो? गोल, नीटस, आपली पायरी ओळखून असतो. तो फुगला, पसरला, की ब्लॉच झाला. एका वर्षी ब्लॉचवाली अंडी मंडपात आली होती तेव्हा समितीतून दोघांनी राजीनामे दिले."

साहेबांनी मिस ओट्सचं अंडं पुढं केलं. गडद तांबूस कवच, आणि त्यावर मोठ्या टोकाकडं दाट आणि खाली विरळ होत गेलेले बारीक बारीक तपकिरी ठिपके. टपिंग यांनी ते दिव्यापुढं सावकाश फिरवलं.

"हे," शेवटी ते म्हणाले, "स्पेकल. बारीक, पुष्कळ, आणि मोजायला बसलात तर चहा गार होईल असे. अशी तीन आणा. फक्त एक लक्षात ठेवा. स्पेकल वेगळं आणि स्पेक वेगळा. स्पेक एकटा असतो आणि तो घाण असतो. असला एक जरी दिसला तरी परीक्षक गुण कापतात."

ही शेवटची सूचना टपिंग यांनी दिली नसती तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण सूचना देणं हा त्यांचा स्वभाव होता आणि सूचना मनावर घेणं हा साहेबांचा. विमा कंपनीत त्यांनी आयुष्यभर लोकांच्या गालिच्यांवरचे डाग पाहून भरपाई नाकारली होती. डागाकडं दुर्लक्ष करायचं कसं, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

घरी येताना कुंपणापाशी शेजारच्या मिसेस बॅगली उभ्या होत्या. मिसेस बॅगली नेहमीच कुंपणापाशी उभ्या असत. तिथली हिरवळ त्यांच्या पायांखाली कायमची बसली होती.

"मला दाखवा ना," त्या म्हणाल्या. "अय्या, कसल्या गोड फ्रेकल्स आहेत!"

"फ्रेकल माणसाच्या नाकावर येते, मिसेस बॅगली," साहेब नव्या ज्ञानाच्या भरात म्हणाले. "ऊन लागलं की. अंडं कधी उन्हात बसलंय का?"

मिसेस बॅगलींचं स्वतःचं नाक बटाट्यासारखं होतं आणि त्यावर भरपूर फ्रेकल्स होत्या. त्यांनी नाकाला हात लावला आणि त्या आत गेल्या. एरवी अखंड बोलणारी ती बाई दोन दिवस बोलली नाही, यावरून तिला किती लागलं असेल याची कल्पना यावी.

शुक्रवारी दुपारपर्यंत मिस ओट्सनं आपलं कर्तव्य केलं. एकसारखी तीन अंडी खाकी कागदावर ओळीनं मांडून साहेब त्यांच्याकडं बघत बसले. म्युरिएलबाई मंडपात टेबलांवर चादरी घालायला गेल्या होत्या. घर शांत होतं. आणि त्या शांततेत साहेबांना तिसऱ्या अंड्याच्या पोटावर, त्या शेकडो सुंदर ठिपक्यांच्या मधोमध, एक स्पेक दिसला. कोंबडीच्या अंगचाच, पण कवचाचा नव्हे.

त्यांनी नखानं खरवडून पाहिलं. निघेना. मग त्यांनी कोमट पाणी केलं, आपला तोंड पुसायचा मऊ पंचा घेतला आणि तिन्ही अंडी पाण्यात घातली. तिन्ही अशासाठी, की वर्गाची अट 'एकसारखी' अशी होती आणि एकालाच आंघोळ घालणं त्यांच्या बुद्धीला पटेना. त्यांनी हलक्या हातानं पुसलं. पंचा बाहेर काढून पाहिला तर तो ठिपकेदार झाला होता. अंडी मात्र कोरी झाली होती. कोंबडी अंड्याला रंग अगदी शेवटी लावते आणि ओला पंचा फिरला की तो सुटून येतो, ही गोष्ट पुस्तिकेत नव्हती. तो एकटा स्पेक तेवढा जागच्या जागी होता.

साहेब मोरीजवळच्या स्टुलावर बसले. मिस ओट्स आता उद्यापर्यंत अंडं घालणार नव्हती. आधीची अंडी म्युरिएलबाईंच्या स्पंज केकात गेली होती. खिडकीतून खुराडं दिसत होतं. मिस ओट्स तारेच्या जाळीशी येऊन, मान तिरकी करून, सरळ त्यांच्याकडं बघत होती. ग्वेनच्या त्या 'पाय'च्या कडेनं कणकेची पानं असतात, हे त्यांना उगाचच आठवलं.

"काय झालं हो?" कुंपणावरून आवाज आला. मिसेस बॅगलींचा राग कुतूहलापुढं टिकला नव्हता.

साहेबांनी पंचा दाखवला, अंडी दाखवली, आणि न विचारता ग्वेनचं नावही सांगितलं.

"एवढंच ना?" मिसेस बॅगली म्हणाल्या. "ठिपके गेले तर ठिपके घाला. माझ्या पुतणीनं नाटकात दगडी भिंत रंगवली होती, अगदी खरी वाटायची. टूथब्रश घ्यायचा, रंगात बुडवायचा आणि अंगठ्यानं असं करायचं." कुंपणापलीकडून त्यांनी हवेत अंगठा ओढून दाखवला. "असं. बघताय ना? असं."

"पण ती लबाडी होईल."

"अहो, ठिपके तिचेच होते ना? तुम्ही फक्त परत ठेवताय."

हा युक्तिवाद विम्याच्या दाव्यात कुणी केला असता तर साहेबांनी लाल शाईनं उडवला असता. इथं त्यांना तो फार माणुसकीचा वाटला. ते शेडमध्ये गेले. तिथं अक्रोडी रंगाच्या लाकूड-रंगाचा एक डबा होता. तो म्युरिएलबाईंच्या आईच्या जुन्या टेबलासाठी आणला होता, आणि 'येत्या रविवारी नक्की' असं म्हणत साहेबांनी अनेक रविवार काढले होते. डब्यावर लिहिलं होतं, 'खोल मुरतो, कधीही निघत नाही.' साहेबांना आनंद झाला. त्यांना तेच हवं होतं.

आता मिसेस बॅगली समोर उभ्या राहून दाखवत होत्या, हे इथं लक्षात घेतलं पाहिजे. त्यांचा अंगठा त्यांच्या स्वतःकडं ओढला जात होता, म्हणजे बघणाऱ्याच्या दृष्टीनं पलीकडं. साहेबांनी जसं दिसलं तसं केलं. ब्रश अंड्यांवर धरला, दात घट्ट आवळले, आणि अंगठा स्वतःपासून दूर, पलीकडं रेटला. ब्रशच्या केसांनी आपलं काम चोख केलं. अंडी होती तशीच राहिली आणि पिंचबेकसाहेबांचा चेहरा, मान आणि टक्कल बारीक, दाट, वरच्या टोकाला गर्द आणि खाली विरळ होत गेलेल्या ठिपक्यांनी भरून गेलं. टपिंग तिथं असते तर त्यांनी एका नजरेत सांगितलं असतं, की हे स्पेकल.

दुसऱ्यांदा त्यांनी अंगठा उलटा ओढला. अंड्यांवर ठिपके असे उमटले, की मिस ओट्सनंही मान्य केले असते. त्या स्पेकवरही रंगाचे दोन ठिपके पडले आणि तो नाहीसा झाला. साहेबांनी सुटकेचा श्वास टाकला, अंडी वाळत ठेवली आणि आरशात पाहिलं.

साबण झाला. व्हिनेगर झालं. मग लोणी. शेवटी भांडी घासायची तारेची घासणी घेऊन ते नाकाला भिडले, तर नाक लाल झालं आणि तपकिरी ठिपके त्या लाल रंगावर जास्तच खुलून दिसायला लागले. डब्यावर लिहिलेला मजकूर सर्वस्वी खरा होता. तक्रार करायलाही जागा नव्हती.

म्युरिएलबाई परतल्या तेव्हा साहेब वर्तमानपत्रामागं बसले होते.

"लायोनेल, पेपर खाली कर."

"वाचतोय."

"उलटा वाचतोयस."

साहेबांनी पेपर खाली केला. म्युरिएलबाईंनी बराच वेळ बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरची एक रेषही हलली नाही.

"हे काय आलंय?"

"कुणास ठाऊक. आलंय खरं," साहेब म्हणाले. एवढ्या वर्षांच्या संसारातलं हे त्यांचं पहिलंच धडधडीत खोटं, आणि ते त्यांना नीट वठवताही आलं नाही.

"मग दवाखान्यात फोन करायला हवा," म्युरिएलबाई म्हणाल्या, आणि नंबर फिरवून फोन त्यांच्या हातात दिला.

दवाखान्यातली स्वागतिका गोड आवाजात बोलत होती, पण डॉक्टर आणि रोगी यांची भेट होऊ द्यायची नाही हे तिनं आयुष्याचं ध्येय ठरवलेलं दिसत होतं. "स्पॉट आहेत, रॅश आहे की ब्लॉच?" तिनं विचारलं.

"स्पेकल," साहेब म्हणाले. निदान एका बाबतीत तरी त्यांना खरं बोलायचं होतं.

"आमच्याकडं स्पेकल नाही हो. स्पॉट, रॅश, ब्लॉच किंवा तीळ. एक काहीतरी सांगा, म्हणजे मला पुढचा प्रश्न विचारता येईल."

"स्पॉटच धरा मग."

"किती आहेत?"

"मोजायला बसलात तर चहा गार होईल."

पलीकडं कागद फडफडले. मग ती म्हणाली, "एवढे स्पॉट म्हणजे कांजिण्या समजायच्या. डॉक्टरांची वेळ पुढच्या मंगळवारनंतर. तोवर लोकांत मिसळायचं नाही. प्रदर्शनाला तर मुळीच नाही, तिथं आपल्या व्हिकरबाई येणार." गावच्या चर्चच्या धर्मगुरू असलेल्या या व्हिकर तरुण होत्या, सर्वांच्या लाडक्या होत्या, आणि त्यांना सातवा महिना लागला होता. साहेबांनी फोन ठेवला. आपल्याला नसलेला रोग आपल्यावर अधिकृतपणे नोंदला गेला, एवढं त्यांना समजलं.

"मग अंडी मी नेते," म्युरिएलबाई म्हणाल्या. "तू घरी पड."

साहेब घरी पडले नाहीत. शनिवारी सकाळी गळ्याभोवती लोकरी मफलर, डोक्यावर म्युरिएलबाईंची बागेतली हॅट आणि डोळ्यांवर काळा चष्मा अशा थाटात ते मंडपाच्या मागं जाऊन उभे राहिले. ऊन रणरणतं होतं. दोन बायकांनी त्यांच्याकडं बघून पर्स छातीशी धरल्या. मंडपाच्या कापडाचे दोन पदर जिथं दोरीनं बांधले होते, तिथल्या फटीला साहेबांनी डोळा लावला.

अंड्यांचे नेहमीचे परीक्षक शिडीवरून पडून अंथरुणाला खिळले होते. त्यांच्या जागी मिस थ्रेलफॉल आल्या होत्या. या एरवी डेलिया तपासायच्या, आणि त्याआधी मुलांच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. अंड्यांतलं त्यांना काही कळत नव्हतं. लबाडीतलं मात्र सगळं कळत होतं. आणि लबाडीची बातमी त्यांच्या कानावर होती, कारण गावात कुणीतरी अंडी रंगवतंय ही गोष्ट मिसेस बॅगलींनी कुणाचंही नाव न घेता फक्त जिवलग मैत्रिणींना सांगितली होती, आणि मिसेस बॅगलींच्या जिवलग मैत्रिणी सबंध गावभर होत्या.

मिस थ्रेलफॉलनी बाहीतून रुमाल काढला. पाण्याच्या पेल्यात बुडवला. पहिल्या बशीतलं अंडं उचललं आणि खसकन पुसलं.

साहेबांनी मफलर तोंडावर ओढला. आता सगळं संपलं. पण रुमाल तपकिरी झाला होता तो मिस्टर रडॉक यांच्या अंड्यानं. रडॉक हे निवृत्त दंतवैद्य, आणि अंड्यांचा चषक कैक वर्षं त्यांच्याच घरी राहायला असायचा. मिस थ्रेलफॉल यांच्या ओठांची घडी पडली. त्यांनी दुसरी बशी पुसली, रुमाल आणखी तपकिरी. तिसरी, तेच. चौथी बशी कुणाची होती ते साहेबांना दिसलं नाही, पण तीही पुसली गेली. सगळ्यात शेवटी त्या मिस ओट्सच्या अंड्यांकडं आल्या. पुसलं. पुन्हा पुसलं. जोर लावला. रुमालाला डाग पडला नाही. अंड्यावरचा एक ठिपका हलला नाही.

"अखेर," मिस थ्रेलफॉल म्हणाल्या, "एक प्रामाणिक माणूस."

रिवाजाप्रमाणे तिन्हीतलं एक अंडं फोडून बशीत घातलं गेलं. बलक उंच, गोल आणि केशरी निघाला. मिस ओट्सनं तिच्या बाजूनं कुठंही कसूर ठेवली नव्हती.

दोन वाजता मंडप उघडला आणि पाच मिनिटांत आत हलकल्लोळ माजला. एका बशीपुढं पहिल्या क्रमांकाचं लाल कार्ड होतं, 'एल. पिंचबेक'. बाकी सगळ्यांपुढं पांढरी कार्डं, 'नियमात बसत नाही'. या गावात हे तीन शब्द पांढऱ्या कार्डावर येणं म्हणजे तोंड लपवून फिरणं. मार्मलेडच्या बरणीचं झाकण चुकीच्या रंगाचं निघाल्यामुळे तसं कार्ड मिळालेलं एक कुटुंब पूर्वी गाव सोडून गेलं होतं.

"मी अंडी रंगवली?" रडॉक यांचा आवाज चिरकला. "मी? अहो बाई, खरा ठिपका पुसला जातोच!"

"पकडला गेलेला प्रत्येक मुलगा असंच काहीतरी सांगायचा, मिस्टर रडॉक."

"मग त्या पिंचबेकला विचारा! कोंबड्या पाळतो तो. तो सांगेल!"

"त्यांना आत आणता येणार नाही," टपिंग म्हणाले. "त्यांना कांजिण्या झाल्यात."

"बाहेर उभे आहेत ते," मिसेस बॅगली म्हणाल्या. "कापडाच्या मागं. मघापासून मला हॅट दिसतेय."

मग तिथं एक अपूर्व सुनावणी सुरू झाली. मिस थ्रेलफॉल मंडपाच्या कापडासमोर उभ्या राहिल्या आणि कापडाला म्हणाल्या, "मिस्टर पिंचबेक, खऱ्या अंड्यावरचे ठिपके पुसले जातात का? हो की नाही?"

कापड किंचित हललं. साहेबांच्या मनात एकच शब्द होता. 'नाही.' तेवढा उच्चारला की लाल कार्ड, खुराडं, मिस ओट्स, सगळं सुखरूप. आणि रडॉक? रडॉकनी एकदा त्यांची चांगली दाढ उपटली होती. रडॉकला थोडी लाज वाटली तर बिघडलं कुठं? त्यांनी तोंड उघडलं.

तेवढ्यात आतून एक हळू आवाज आला. चौथी बशी व्हिकरबाईंची होती.

"मी नाही हो रंगवली," त्या म्हणत होत्या. "मला रंगवता येतसुद्धा नाहीत. पहिल्यांदाच भाग घेतला मी. उद्या सकाळी मी तुमच्यापुढं प्रवचनाला उभी राहणार आहे. कशी उभी राहू?"

साहेबांनी तोंड मिटलं. त्यांना भयंकर राग आला, व्हिकरबाईंचा, रडॉकचा, टपिंगचा, आणि सगळ्यांत जास्त त्या एकट्या स्पेकचा. मग त्यांनी दोरी सोडली आणि ते आत शिरले.

गर्दी एका बाजूला सरकली. कुणीतरी व्हिकरबाईंना मागं ओढलं. "नियम!" टपिंग ओरडले. साहेबांनी मफलर सोडला, हॅट काढली, चष्मा खिशात ठेवला. मिस थ्रेलफॉल यांच्या हातातला ओला रुमाल त्यांनी घेतला आणि सगळ्या गावासमोर आपलं नाक खसाखसा पुसलं. मग गाल. मग टक्कल. मग रुमाल उलगडून सगळ्यांना दाखवला. त्यावर आधीचेच डाग होते.

"निघत नाहीत," ते म्हणाले. "माझ्या अंड्यांवरचेही निघत नाहीत. दोन्ही एकाच डब्यातले आहेत. मिस्टर रडॉक बरोबर आहेत, खरे पुसले जातात. माझेही गेले होते. म्हणून."

 मिस थ्रेलफॉल यांनी साहेबांच्या नाकाजवळ चष्मा आणला, मग अंड्याजवळ नेला, मग परत नाकाजवळ आणला.

"अक्रोड," त्या म्हणाल्या. त्यांनी लाल कार्ड उचललं. बाकीची पांढरी कार्डं गोळा केली. एका कोऱ्या पांढऱ्या कार्डावर साहेबांचं नाव आणि तेच तीन शब्द वळणदार अक्षरांत लिहिले आणि ते त्यांच्या बशीपुढं ठेवलं. "माझ्या शाळेत स्वतःहून पुढं आलेल्या मुलाला मी अर्धीच शिक्षा करत असे, मिस्टर पिंचबेक. पण इथं अर्ध्या कार्डाची सोय नाही."

रडॉकना चषक मिळाला, व्हिकरबाईंना दुसरा क्रमांक. व्हिकरबाई साहेबांपाशी आल्या आणि त्यांचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, "उद्याच्या प्रवचनाला विषय मिळाला." साहेबांना तो विषय कोणता असणार याची स्पष्ट कल्पना आली आणि बरं वाटलं नाही. म्युरिएलबाई मार्मलेडच्या टेबलामागून सगळं बघत होत्या. 

संध्याकाळी साहेब खुराड्यापाशी पुठ्ठ्याचं खोकं घेऊन बसले होते. खोक्यात त्यांनी पेंढा घातला, तो काढला, पुन्हा जास्त मऊ करून घातला. हवा यावी म्हणून बाजूला भोकं पाडली. मिस ओट्स त्यांच्या बुटाची नाडी ओढत होती. "ग्वेनच्या घरी जागा मोठी आहे," साहेब तिला म्हणाले. ते सरळ रडले. टकलावर ठिपके असलेला माणूस कोंबडीसमोर रडताना कसा दिसतो याची त्या क्षणी त्यांना पर्वा नव्हती.

"खोकं कशाला?" म्युरिएलबाई मागं उभ्या होत्या. एका हातात हातोडी आणि खिळा, दुसऱ्या हातात पांढरं कार्ड.

"उद्या ग्वेन येतेय ना."

"हो, जेवायला. मटण आणलंय." त्यांनी कार्ड साहेबांपुढं धरलं. "हे काय आहे?"

"म्युरिएल, आता तू तरी नको."

"वाच ना. नाव कुणाचं आहे?"

"माझं."

"कुठून आलं?"

"मंडपातून."

"मग झालं. मी कार्ड म्हणाले होते. कुठलं ते मी म्हणाले नव्हते. शब्द दिला की तो पाळायचा, मी काही टूथब्रश घेऊन फिरत नाही." त्यांनी कार्ड खुराड्याच्या दारावर धरून खिळा ठोकला. मग दोन पावलं मागं येऊन ते सरळ लागलंय का ते बघितलं. "आईच्या टेबलाचा रंग मी जन्मापासून बघतेय, लायोनेल. काल तू पेपर खाली केलास तेव्हाच ओळखला."

"मग दवाखान्यात फोन?"

"तू खरं कधी बोलतोस ते बघत होते. चांगला वेळ घेतलास."

"आणि अंडी तूच नेलीस की!"

"मी त्यांच्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर नेता आली नसती." त्या घराकडं वळल्या. "उरलेल्या रंगानं सोमवारी टेबल. ब्रश मोठा घे. आणि काचघर तुझ्या शेडच्या जागेवर."

सकाळी मिस ओट्सनं अंडं घातलं. म्युरिएलबाईंनी ते उकडायला घेतलं आणि पाण्यात सोडण्याआधी खिडकीपाशी नेऊन फिरवून पाहिलं.

"लायोनेल, घाणीचा एक ठिपका आहे यावर. पुसू का?"

"हात लावू नकोस," पिंचबेकसाहेब म्हणाले.